चिविता पाहायला जाणाऱ्यांनी तिथे एक रात्र राहावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पर्यटन पुरवणीत इटलीतल्या डोंगरमाथ्यावरच्या गावांविषयी अधूनमधून लेख येत असतात आणि त्यांत चिविता दी बान्योरेजो या गावाचा उल्लेख आला, की ‘मरणारे गाव’ हे बिरुद त्याला हमखास चिकटलेले असते. त्यासोबत धुक्यात तरंगणाऱ्या कड्याचे आणि त्याकडे जाणाऱ्या लांबलचक पुलाचे छायाचित्र छापले जाते, आणि रोमहून फ्लोरेन्सकडे जाताना वाट थोडी वाकडी करून दोन तासांत हे गाव पाहून होते, असा सल्लाही दिला जातो. मी हे गाव पाहिले आहे. स्थापत्य अभियंता म्हणून रस्ते आणि पुलांच्या कामांवर नोकरी केल्यामुळे तिथल्या कड्यांकडे आणि मातीकडे जरा निरखून पाहणे मला भागच पडले. चिविताची जी ओळख आपल्या वाचकांपर्यंत पोहोचते आहे ती अपुरी आहे, आणि त्या अपुऱ्या ओळखीमुळे आपले पर्यटक तिथे ज्या पद्धतीने जातात ती त्या गावाच्या हिताची नाही, असे मला मनापासून वाटते. म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे.

चिविता हे इटलीच्या लात्सियो प्रांतात, विटेर्बो जिल्ह्यात, रोमच्या उत्तरेला सुमारे १२० किलोमीटरवर आहे. एका बाजूला ओर्व्हिएतो हे प्रसिद्ध शहर आणि दुसऱ्या बाजूला बोल्सेना सरोवर, अशा मधल्या मुलखात ते येते. या परिसरात फार पूर्वी जागृत ज्वालामुखी होते. त्यांतून उसळलेली राख आणि तप्त पदार्थ थरांवर थर साचून घट्ट झाले आणि त्यांचा टफ नावाचा खडक बनला. हा खडक हलका, सच्छिद्र आणि छिन्नीने सहज कोरता येणारा असतो, तरीही भिंतीसारखा ताठ उभा राहतो. चिविता याच टफच्या माथ्यावर वसले आहे. अडचण आहे ती या खडकाच्या खाली. तिथे समुद्राच्या तळाशी साचलेल्या चिकणमातीचे अतिशय जाड थर आहेत. म्हणजे ओल्या मातीच्या ढिगावर जड पाटा ठेवावा, तशी या गावाची बैठक आहे.

गावाच्या दोन्ही अंगांनी रिओ क्यारो आणि रिओ तोर्बिदो हे दोन ओढे वाहतात. ते पावसाळी पाण्याने फुगले, की चिकणमातीचा पायथा कुरतडला जातो. पावसात ही माती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला तडे जातात. खालचा आधार सरकला, की वरच्या टफमध्ये उभ्या भेगा पडतात, त्या भेगांत पाणी शिरते, आणि एखाद्या दिवशी कड्याचा मोठा तुकडा त्यावरच्या घराअंगणासकट दरीत जातो. आजूबाजूच्या दरीत माती झिजून तयार झालेल्या धारदार, उघड्याबोडक्या कण्यांच्या रांगा दिसतात. त्यांना तिथे कालांकी म्हणतात. छायाचित्रांत त्या फार सुंदर दिसतात, पण गावाच्या पायाखालची माती कशी जाते आहे, याचा तो उघडा पुरावा आहे. शेजारचे बान्योरेजो गाव आणि चिविता यांना जोडणारी डोंगराची सोंडही अशीच झिजत गेली आणि चिविता एकटे पडले.

या ठिकाणी वस्ती झाली ती सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी, एट्रस्कन लोकांच्या काळात. टफ कोरता येतो हे ओळखून त्यांनी त्यात थडगी, गुहा आणि रस्ते खोदले. गावाच्या पोटातून दरीकडे उतरणारा बुकायोने नावाचा बोगदा याच खोदकामाच्या परंपरेतला आहे. आजही गावातल्या जुन्या घरांखाली अशा गुहा आहेत. कोणी त्यांत द्राक्षमद्याची पिंपे ठेवली, कोणी गाढवे बांधली, कोणी ऑलिव्हचा घाणा चालवला. पुढे रोमन आले, मग मध्ययुगीन गाव उभे राहिले. एके काळी चिविता हेच मुख्य गाव होते आणि आजचे बान्योरेजो हा त्याचा एक बाहेरचा भाग होता. ११ जून १६९५ रोजी झालेल्या भूकंपाने हे नाते उलटे केले. घरे पडली, कडे ढासळले, अनेक कुटुंबांनी गाव सोडले आणि बिशपचे पीठही बान्योरेजोला गेले. गाव ओस पडायला तेव्हापासून सुरुवात झाली. गावाची आजची अवस्था ही तीन शतकांहून जुन्या घडामोडीचा भाग आहे, हे लक्षात घेतले तर ‘मरणारे गाव’ या शब्दांतली घाई कळते. जे गाव इतका काळ मरणाच्या दारात उभे आहे असे म्हणतात, ते अजून उभे कसे आहे, हा प्रश्न आपल्या लेखांतून विचारला जावा, एवढीच माझी अपेक्षा आहे.

पूल ओलांडून वर गेले, की सांता मारिया नावाची वेस लागते. वेशीच्या दोन्ही अंगांना दगडी सिंह आहेत आणि प्रत्येकाच्या पंज्यांत माणसाचे मुंडके आहे. ओर्व्हिएतोच्या मोनाल्देस्की या सत्ताधारी घराण्याविरुद्ध इथल्या लोकांनी केलेल्या उठावाची ती आठवण मानली जाते. वेशीतून आत शिरल्यावर जवळच एका वाड्याचा दर्शनी भाग दिसतो. दगडी चौकटी, खिडक्या, सगळे जागच्या जागी आहे. जवळ जाऊन खिडकीतून पाहिले, तर पलीकडे खोली नाही, थेट आकाश आहे, कारण मागचा सारा वाडा कड्याबरोबर दरीत गेला आहे. त्या भिंतीच्या मागच्या बाजूला टफचा ताजा काप दिसतो, विटकरी-पिवळा, हाताने चोळला तर बोटांना रवाळ भुकटी लागेल असा. बहुतेक लोक तिथे थांबून छायाचित्र काढतात आणि पुढे जातात. मला मात्र तिथून पाय निघेना. इमारतीचा पाया किती खोल हवा याची गणिते मी आयुष्यभर केली होती, पण पायाखालचा डोंगरच निघून गेल्यावर उरलेली दर्शनी भिंत मी त्यापूर्वी कधी पाहिली नव्हती.

तिथून गल्ली सान दोनातो चर्चच्या चौकात जाते. या चौकाला फरसबंदी नाही, खडी-मातीच आहे. चर्चसमोर प्राचीन खांबांचे तुटके बुंधे उभे आहेत. हे चर्च पूर्वी बिशपचे मुख्य चर्च होते. आत पंधराव्या शतकातला लाकडी क्रूसमूर्तीचा, म्हणजे क्रूसावरील येशूच्या मूर्तीचा, ठेवा आहे, जो दोनातेल्लो या इटालियन शिल्पकाराच्या परंपरेतल्या शिल्पकारांचा मानला जातो. १४९९ च्या प्लेगच्या साथीत ही मूर्ती एका भाविक स्त्रीशी बोलली आणि साथ ओसरेल असे तिने सांगितले, अशी श्रद्धा आहे. गुड फ्रायडेच्या रात्री ही मूर्ती क्रूसावरून उतरवून मिरवणुकीने बान्योरेजोला नेतात. ती मध्यरात्रीच्या आत चिविताला परत आली नाही, तर बान्योरेजोच्या लोकांना ती ठेवून घेण्याचा हक्क मिळेल, असा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. मला यात फार मोठी गोष्ट दिसते. चिवितात बारमाही राहणारी माणसे आज जेमतेम डझनभर उरली आहेत. तरीही मूर्तीचे घर चिवितातच आहे, हे दोन्ही गावे मिळून दर वर्षी पायी चालून मान्य करतात.

तोन्ना हा दुसरा सण. जून महिन्याच्या पहिल्या आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी याच मातीच्या चौकात गाढवांची शर्यत होते. चौकाला फेऱ्या मारायच्या आणि वेगवेगळ्या वस्त्यांच्या स्वारांनी एकमेकांना मागे टाकायचे, असा तो खेळ आहे. पूल होण्याआधी आणि झाल्यानंतरही वर माल चढवला तो गाढवांनीच. ज्या जनावराने गाव जगवले त्याचाच हा उत्सव आहे. आता पुलावरून रहिवाशांच्या मोपेडी आणि छोट्या मालवाहू गाड्या जातात. पण गाढवांची जागा सणातून कोणी काढून घेतली नाही.

चिविताची आणखी एक ओळख म्हणजे संत बोनावेन्तुरा. तेराव्या शतकातला, फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संन्यासी पंथाचा हा थोर तत्त्वज्ञ मूळचा इथला. १२७४ साली फ्रान्समधील लिआँ येथे त्याचा मृत्यू झाला. त्याचे जन्मघर म्हणून जी जागा दाखवतात, तिथले घर केव्हाच दरीत गेले आहे.

गाव उभे कसे राहिले, या प्रश्नाकडे आता येते. एक उत्तर अभियांत्रिकीचे आहे. कड्याच्या ज्या भागांत भेगा रुंदावत आहेत, तिथे खडकात पोलादी सळया घालून तो आवळून धरण्याचे, पाण्याला वाट करून देण्याचे आणि भेगांच्या हालचालींची मोजमापे घेण्याचे काम तिथे अनेक वर्षे चालू आहे. हे काम एकदा करून संपत नाही, कारण पाऊस आणि ओढे थांबत नाहीत. आणि ते लपवूनही ठेवलेले नाही. चौकालगतच्या आलेमान्नी वाड्यात २०१२ मध्ये भूविज्ञानाचे आणि भूस्खलनांचे संग्रहालय सुरू झाले. कोणता कडा केव्हा पडला, का पडला, सध्या कुठे काय हालते आहे, हे तिथे नकाशे, प्रतिकृती आणि छायाचित्रांनी समजावून सांगितले आहे. आपल्या गावाच्या दुखण्याचे इतके प्रामाणिक प्रदर्शन मी दुसरीकडे पाहिले नाही. माळीण आणि इरशाळवाडीच्या दुर्घटना ज्या राज्याने पाहिल्या, त्या राज्यातल्या पर्यटकाने इतक्या लांब जाऊन हे संग्रहालय टाळावे, ही मला खेदाची बाब वाटते. प्रवेशासाठी फार पैसे लागत नाहीत आणि पाहायला तासभर पुरतो.

दुसरे उत्तर माणसांचे आहे. अस्त्रा झरीना या स्थापत्यविशारद बाईंचे नाव आपल्या वाचकांना अपरिचित असेल. लात्व्हियातील रिगा येथे १९२९ साली जन्मलेल्या आणि अमेरिकेत शिकलेल्या या बाई साठच्या दशकात चिवितात आल्या. बाकीचे लोक गाव सोडून जात होते, तेव्हा त्यांनी इथली पडकी घरे घेऊन ती जुन्याच पद्धतीने, जुन्याच दगडांनी दुरुस्त करायला सुरुवात केली. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात त्या शिकवत. तिथले विद्यार्थी त्या चिवितात आणत आणि टेकडीवरची इटालियन गावे कशी रचली जातात, हे त्यांना प्रत्यक्ष गावात राहून शिकवत. २००८ साली त्यांचे निधन झाले. मी मुद्दाम हे सविस्तर लिहिते आहे, कारण चिविताच्या गल्ल्यांतून फिरताना प्रत्येक घराच्या बाहेरून थेट पहिल्या मजल्यावर जाणारा दगडी जिना आणि त्याच्या वरच्या टोकाला असलेला छोटा सज्जा नजरेत भरतो. विटेर्बो परिसराची ही खास ओळख, तिला प्रोफेर्लो म्हणतात. या जिन्यांच्या पायऱ्यांवर मांडलेल्या फुलांच्या कुंड्यांची छायाचित्रे सर्वजण काढतात. त्यांतला कितीतरी जिना कोणीतरी पुन्हा बसवला आहे, ढासळलेला दगड शोधून, घासून, मूळ जागी ठेवून. ही दुरुस्ती दिसू नये इतकी चांगली झाली आहे, म्हणून ती दाखवून द्यावी लागते.

तिसरे उत्तर पैशाचे आहे आणि याच ठिकाणी आपला, म्हणजे पर्यटकांचा, संबंध येतो. आजचा काँक्रीटचा पादचारी पूल १९६५ मध्ये बांधला गेला. जुना पूल दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झाला होता. २०१३ मध्ये बान्योरेजोच्या नगरपालिकेने या पुलावरून येणाऱ्या पर्यटकांसाठी दीड युरोचे तिकीट सुरू केले. पुढे ते पाच युरोंपर्यंत वाढले. रहिवाशांना ते लागत नाही. व्हेनिसने एका दिवसापुरते येणाऱ्या प्रवाशांवर प्रवेशशुल्क बसवले ते २०२४ मध्ये. या छोट्या गावाने तो निर्णय त्याआधी कितीतरी वर्षे घेतला होता. तिकीट लावल्यावर लोक येणार नाहीत, अशी भीती होती. उलट, एके काळी वर्षाला चाळीस हजारांच्या आसपास असलेली पर्यटकांची संख्या कोरोनापूर्वी काही लाखांवर गेली. या उत्पन्नामुळे बान्योरेजोच्या नगरपालिकेने रहिवाशांवरचे स्थानिक कर माफ केल्याच्या बातम्या इटलीभर गाजल्या. पैसा गावात राहिला आणि कुठे गेला ते लोकांना दिसले, हे मला या प्रयोगाचे सर्वांत मोठे यश वाटते.

पण याच पैशाने एक प्रश्न सुटला नाही आणि तो मी गोड शब्दांत झाकणार नाही. गर्दी वाढली, उपाहारगृहे आणि भाड्याच्या खोल्या वाढल्या, मात्र चिवितात बारमाही राहणाऱ्यांची संख्या वाढली नाही. दुपारी साडेअकरा ते चार या वेळेत गल्ल्यांतून चालणे कठीण होते. संध्याकाळी बसगाड्या परत गेल्या, की गाव रिकामे होते. ज्या दिवशी तिथे कोणीच राहणार नाही, त्या दिवशी तो कडा फक्त देखावा उरेल. इटलीने या परिसराला सांस्कृतिक भूदृश्य म्हणून जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत घातले आहे. तो दर्जा मिळाला, तर गर्दी आणखी वाढेल. म्हणून गर्दी कोणत्या प्रकारची असावी, याचा विचार येणाऱ्याने करायला हवा.

हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्यांना, म्हणजे आपल्या ११ किल्ल्यांना आणि तमिळनाडूतील जिंजीला, जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यांतला पन्हाळा हा राबता, वस्तीचा गड आहे. तिथे माणसे घरसंसार करून राहतात. येणाऱ्या पर्यटकांच्या पैशातला किती वाटा तटबंदीच्या डागडुजीला जातो आणि किती गडावरच्या माणसांच्या हाती पडतो, याचे उत्तर चिविताप्रमाणे पन्हाळ्यालाही मागता आले पाहिजे. बान्योरेजोची नगरपालिका हे कसे करते, याचा अभ्यास करण्यासाठी आपल्या गिरिस्थान नगरपरिषदांचे लोक तिथे गेले, तर तो दौरा सार्थकी लागेल. महाराष्ट्राचा उल्लेख मी एवढ्यावरच थांबवते.

आता पर्यटकांसाठी माझी विनंती. चिविताला जाणाऱ्यांनी सहलीच्या बसने दुपारी येऊन तासाभरात परतू नये. रोमहून रेल्वेने ओर्व्हिएतोला यावे, तिथून बान्योरेजोला सार्वजनिक बस जाते. रविवारी मात्र बसची सोय सहसा नसते, तेव्हा दिवस पाहून बेत आखावा. मुक्काम शक्यतो चिवितात, तिथे जागा नसेल तर बान्योरेजोत करावा. तिथल्या घरगुती खानावळींत जेवावे, ऑलिव्ह तेल आणि इतर जिन्नस तिथेच घ्यावेत, कारण तिकिटाचे पैसे नगरपालिकेकडे जातात, पण मुक्कामाचे आणि जेवणाचे पैसे थेट कुटुंबाकडे जातात. पूल ओलांडण्याची सर्वांत चांगली वेळ पहाटेची. तेव्हा दरीत धुके असते आणि पुलावर आपल्याखेरीज फक्त दुकानांचा माल वर नेणाऱ्या गाड्या असतात. पुलाचा शेवटचा चढ अवघड आहे. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी काठी न्यावी, पायांत चांगली पकड असलेले बूट घालावेत. कड्याच्या कठड्यांपलीकडे छायाचित्रासाठी जाऊ नये. ही सूचना अनेकांना नेहमीची वाटते, पण तिथली जमीन खरोखर सरकते आहे. शक्य असेल त्यांनी सप्टेंबरच्या तोन्नाचा किंवा गुड फ्रायडेचा दिवस गाठावा.

आणि आपल्याकडे, संपादक महोदय, एक विनंती. चिविताविषयीचा पुढचा लेख छापताना आलेमान्नी वाड्यातल्या संग्रहालयाची, अस्त्रा झरीना यांच्या कामाची आणि पुलाच्या तिकिटाच्या पैशाची माहिती त्यात यावी. छायाचित्रासाठी एखाद्या वेळी पुलाऐवजी त्या आकाशात उघडणाऱ्या खिडक्यांच्या वाड्याची मागची बाजू घ्यावी, जिथे टफ आणि चिकणमातीचे थर एकावर एक स्पष्ट दिसतात. आपल्या लेखकांपैकी कोणी तिथे जाणार असेल, तर भूस्खलनांच्या संग्रहालयात काय पाहावे आणि कोणते कडे कुठून सुरक्षितपणे दिसतात, याची माझी टिपणे मी आनंदाने पाठवीन.

आपली नम्र,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता, पुणे